शंभर ठिपके आणि एक गोळी

आणि वर म्हणतात काय, तर "निर्णय तुमचाच आहे". अहो तुम्हाला सांगते, हे वाक्य ज्यानं कुणी शोधून काढलं ना, त्याला एकदा आमच्या गाडीत बसवून भर चौकात स्टिअरिंग हातात द्यायला पाहिजे, म्हणजे कळेल निर्णय तुमचा म्हणजे काय प्रकार असतो तो. आमच्या गाडीत म्हणजे आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. माझी मोठी जाऊ, मी तिला ताई म्हणते, ती शिकवते, आणि मी टेबलावर बसून फोन घेते, वेळा लिहिते, फॉर्म भरते. मला स्वतःला गाडी येत नाही. ते जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे, आणि त्यात चूक माझी नव्हती, भिंतीची होती.

तर ताई. एकोणपन्नास वर्षांची, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरची माणसंसुद्धा ब्रेक दाबतात. गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरची. मग ऑपरेशन झालं, किमो झाली, रेडिएशन झालं, केस गेले, केस आले, आले ते कुरळे आले, असे सगळे मिळून दहा महिने... आणि या दहा महिन्यांत तिला कुणी काही म्हणजे काही विचारलं नाही हो. झोपा म्हटलं की झोपायचं, हात वर म्हटलं की वर, श्वास धरा म्हटलं की धरायचा. वीस वर्षं जी बाई दुसऱ्यांना "क्लच दाबा, सोडा, हळू सोडा, हळू म्हणजे हळू" असं सांगत आली, ती मुकाट्यानं पडून ऐकत होती. मला म्हणायची, "बरंय गं, डोकं चालवावं लागत नाही. गाडी त्यांची, ब्रेक त्यांचा, आपण फक्त बसायचं."

आणि मग सगळं संपल्यावर डॉक्टरांनी बोलावलं. आम्हाला वाटलं, आता म्हणतील, जा घरी, सुखानं राहा. मी तर निघताना नवीन साडी नेसले होते. डॉक्टर तसे भले माणूस, पण बोलतात इतकं हळू, की आपलाच कान गेला की काय असं वाटतं. ते म्हणाले, "बघा, तुमचा कॅन्सर शरीरातल्या हार्मोनवर पोसला जाणारा होता. तेव्हा त्या हार्मोनला अडवणारी एक गोळी आहे. रोज एक. पाच वर्षं."

ताई म्हणाली, "पाच दिवस?"

"वर्षं."

मग त्यांनी एक कागद घेतला आणि त्यावर ठिपके काढायला लागले. मोजून शंभर. आम्ही दोघी बघत बसलो, कारण दुसरं करणार काय. म्हणाले, "तुमच्यासारखाच रिपोर्ट असलेल्या या शंभर बायका. गोळी घेतली नाही, तर यातल्या अंदाजे वीसजणींना तो परत गाठतो. घेतली, तर बाराजणींना." आणि आठ ठिपक्यांभोवती गोल केले. ताईनं चष्मा लावून तो कागद नीट पाहिला आणि विचारलं, "यातली मी कुठली?"

"ते सांगता येत नाही."

"मग मला काढलंत कशाला?"

डॉक्टर हसले. मग म्हणाले, घाम येईल, सांधे धरतील, झोप उडेल, चिडचिड होईल, सगळ्यांना होतं असं नाही, पण होतं. आणि पुढेही बरंच काय काय म्हणाले, ते आमच्या डोक्यावरून गेलं, कारण आम्ही दोघीही ठिपके मोजत होतो. आणि शेवटी हात जोडून, अगदी मायेनं, "निर्णय तुमचाच आहे."

तुम्हीच सांगा. दहा महिने शिंकायलासुद्धा परवानगी घ्यायची, आणि नेमकं जिथं आपल्याला काडीची अक्कल नाही तिथं म्हणायचं, निर्णय तुमचा!

बरं, निर्णय तिचा म्हणजे तिचा राहील की नाही? घरी आलो, तर सासूबाई दारातच. त्यांना सगळं सांगितलं. त्यांचं एकच म्हणणं, "रोग गेला ना? मग औषध कशाचं? पाऊस थांबल्यावर कुणी छत्री उघडतं का? पण मी आपली जुनी बाई. निर्णय तुझा आहे, सूनबाई." आणि एवढं बोलून आम्ही येताना आणलेलं गोळ्यांचं पाकीट उचलून असं काही फडताळाच्या वरच्या कप्प्यात मागे सरकवलं, की ते काढायला मला स्टुलावर चढावं लागलं.

मोठे दीर त्याहून वरचढ. ते कारखान्यात मालाची तपासणी करतात, हा पास, हा नापास, असं सत्तावीस वर्षं. त्यांनी दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून एक तक्ता केला. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. तोही साधा नाही, वरून प्लास्टिक चढवून आणलेला, पाणी सांडलं तरी पुसता यावं म्हणून. "मी काही सांगणार नाही," म्हणाले, "मी फक्त माहिती ठेवतोय समोर. निर्णय तुझा." आणि फायद्यांच्या प्रत्येक ओळीवर हा एवढा पिवळाधम्मक रंग. तोटे बिचारे बारीक अक्षरात, खाली, कोपऱ्यात. ताई म्हणाली, "अहो, हा तक्ता आहे की दम?" तर ते हळूच म्हणाले, "मला ते आठ ठिपके सोडवत नाहीत गं." आणि चष्मा पुसत आत निघून गेले.

शेवटी ताईनं पाकिटातला माहितीचा कागद वाचायला काढला. तुम्ही पाहिलाय का कधी तो? घडी उलगडायला लागलो, तर संपेचना, जेवणाचं टेबल भरलं, एक टोक खाली लोंबायला लागलं. त्यात लिहिलेलं, झोप न येणे. त्याच्या खाली, झोप फार येणे. वजन वाढणे, वजन घटणे. ताई म्हणाली, "अगं, एवढं तर सासूबाईंकडे बघूनही होतं मला." आम्ही हसलो. पण कागद काही परत तशी घडी होईना, तो तसाच चुरगळून पाकिटात कोंबला, आणि पाकीट गेलं तिच्या पर्समध्ये. एक आठवडा. दोन आठवडे. तीन. पर्स उघडायची, पाकीट बघायचं, पर्स बंद.

ती चिडायला लागली. शिकाऱ्यांवर... म्हणजे शिकाऊ लोकांवर हो, त्यांना आम्ही आपसात शिकारीच म्हणतो. एकाला म्हणाली, "गिअर आहे तो, लोणच्याच्या बरणीचं झाकण नाही." त्यानं दुसऱ्या दिवसापासून नावच काढून घेतलं. मग मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "ताई, एक तर घे ती गोळी, नाही तर फेकून दे. घामाला घाबरतेस होय तू?"

ती टेबलाच्या कडेला टेकली. म्हणाली, "घामाचं नाही गं. गुडघ्यांचंही नाही. शेवटचं रेडिएशन घेऊन बाहेर आले ना, तेव्हा वाटलं, संपलं. आता ही गोळी म्हणजे रोज सकाळी डोळे उघडले, की दात घासायच्या आधी कुणीतरी उशाशी येऊन सांगणार, बाई, संपलेलं नाहीये. रोज. पाच वर्षं. आणि नाही घेतली, आणि उद्या परत आला, तर दोष कुणाचा? माझाच. निर्णय माझाच ना."

तेवढ्यात फोन वाजला, कुणीतरी विचारत होतं, रविवारी क्लास असतो का. मी म्हटलं, असतो. आमच्याकडे रविवारी सुट्टी असते.

आता यात जजसाहेब कुठून आले ते सांगते. निवृत्त न्यायाधीश, वय चौसष्ट, आयुष्यभर सरकारी गाडीत मागे बसले, आता स्वतः चालवायची हौस. माणूस देवमाणूस, पण चौकात उभा राहिला की राहिला. डावीकडे बघणार, उजवीकडे बघणार, परत डावीकडे. दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय. त्या दिवशी मी मागे बसले होते, कारण ऑपरेशननं ताईचा उजवा हात अजून पुरता वर जात नव्हता आणि मोठे दीर म्हणाले, सोबतीला जा. सोबतीला म्हणजे काय, तर आपटायचंच झालं तर तिघांनी.

चौक मोकळा. ताई म्हणाली, "निघा साहेब."

"लांबून एक गाडी येताना दिसतेय, मॅडम."

"ती पोचेपर्यंत उद्या उजाडेल. निघा."

साहेब तसेच. मागे हॉर्न सुरू झाले. एरवी ताईनं आकाशपाताळ एक केलं असतं, पण ती आपली समोर बघत बसलेली. साहेबांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. म्हणाले, "मॅडम, आज रागावत नाही तुम्ही?" आणि काय झालं कोण जाणे, ताईनं त्यांना सगळं सांगून टाकलं. गाठ, गोळी, ठिपके, तक्ता, सगळं. चौकात. मागे हॉर्न.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, एक सांगू? लोकांना वाटतं, आम्हाला खात्री पटली की आम्ही निकाल देतो. तसं नसतं. निम्म्या वेळा खात्री नसते, फक्त आणखी तारीख द्यायला तोंड उरलेलं नसतं. समोर जेवढा पुरावा आहे, तेवढ्यावर द्यायचा, आणि घरी जाऊन जेवायचं."

"आणि चुकला तर?"

"तर वरचं कोर्ट असतं. तुमच्या डॉक्टरांकडे परत जाता येतच असेल की."

ताईनं पर्स उघडली. पाकीट काढलं, गोळी काढली, साहेबांच्या बाटलीतलं पाणी घेतलं, न विचारता, आणि गिळली. घड्याळात पाहिलं, पावणेअकरा. म्हणाली, "चला, क्लच." साहेब इतके भारावले, की त्यांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उचलली. बंद पडली ती. चौकातच.

पण एक नामी गोष्ट झाली. रोज एकाच वेळी घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा आता ती रोज पावणेअकरालाच घेते, क्लासमध्ये, कुणीतरी कुठल्यातरी खांबावर गाडी घालत असताना. उशाशी येऊन कुणी काही सांगत नाही. सांगितलं तरी ऐकू कसं येणार?

तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "छान. पाच वर्षांचं आज नका ठरवू. तीन महिन्यांनी या, फार त्रास झाला तर गोळी बदलू."

ताई कडाडली, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी," डॉक्टर म्हणाले, हळू आवाजात.

आता तीन महिने झालेत. त्रास आहे. सकाळी बोटं आखडतात, कपाचा कान धरवत नाही. आणि घाम असा अचानक फुटतो, की भर थंडीत चारही काचा खाली, बिचारे शिकाऊ कुडकुडत रिव्हर्स घेतात. तपासणीला गेलो, रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर म्हणाले, चालू ठेवू. घरी आल्यावर मोठे दीर म्हणाले, तक्ता कामी आला. सासूबाई म्हणाल्या, मी आधीपासून म्हणत होते, औषध काही टाळू नये. जजसाहेबांनी तर म्हणे सगळ्या मित्रांना सांगितलंय, आपल्या निकालानं एक बाई वाचली.

ताई पदरानं मान पुसत ऐकून घेत होती. मला म्हणाली, "बघ गं, निर्णय माझा होता तोवर एकटीचा होता. घेतला, तर सगळ्यांचा झाला. घाम तेवढा माझ्या नावावर ठेवलाय."