सोडियम अडून बसला

काय सांगू, उदगीरच्या आमच्या शाळेत तपासणीचे साहेब आले, तेव्हा मी मैदानावर नववीच्या पोरींनाच इलेक्ट्रॉन करून अणू शिकवत होते. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकटी आयेशा. तिनं क्लोरीनच्या कवचातल्या रिकाम्या जागेत जायचं, की झालं मीठ. पण त्या जागेशेजारी उभी होती तिची मैत्रीण महादेवी, आणि दोघींचं बोलणं बंद.

"जा की गं!"

"न्हाई जात म्याडम. तिनं आधी सॉरी म्हणावं."

महादेवी उसळली, "मी कामून म्हणू?"

साहेब वैतागले. "म्याडम, मीठ कधी होणार?"

"साहेब, सध्या दोघी एकमेकींवर खार खाऊन हायेत."

साहेब तडक निघून गेले. इकडं दोघींना हसू फुटलं आणि आयेशा पळत जाऊन महादेवीला बिलगली. मीठ झालं, पण चाखायला साहेबच नव्हते.