बावीस वर्षांचं 'बरोबर'

...आणि वर मलाच विचारतो, "नामेकावाबाई, चिडलात का?" चिडू नको तर काय, ओवाळू याला? बावीस वर्षं हो! बावीस वर्षं हा माझा कामातला जोडीदार कुवाबारा माझ्या पाठीमागे उभा राहून "बरोबर" म्हणतोय, आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर मी...

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमच्या मासळी संघाचा सगळा लिलाव, कुठल्या बोटीची मासळी कुणी उचलली ते सगळं, संगणकाच्या एका साठवणयंत्रात असतं. त्याला दोन कंट्रोलर, शेजारी-शेजारी, जुळे भाऊच म्हणा. एक आजारी पडला की दुसरा दोघांचं ओढतो. त्यातल्या एकाचं बूट डिव्हाइस गेलं. अंगठ्याएवढी पट्टी असते ती, पण कंट्रोलरला उठल्या उठल्या तू कोण, तुझं काम काय, हे तीच सांगते. ती गेली की हा बसला ठोंब्यासारखा! संघाचे लोक म्हणाले, लिलाव आटपू दे, मग बदला. मी म्हटलं, मग दोन कशाला ठेवलेत? कॉलेजचं तोंड न बघता पुस्तकं चाळून शिकलेली बाई मी, आजवर एक चूक नाही.

तर आमच्याकडची रीत अशी, की एकानं बोट दाखवून मोठ्यानं म्हणायचं, दुसऱ्यानं बघून "बरोबर" म्हणायचं, मगच हात लावायचा. मी पुढून बघितलं, डावीकडच्याचा दिवा पिवळा, म्हणजे बिघडलेला तोच. वळसा घालून मागे गेले, बोट दाखवलं, "डावीकडचा!"

"डावीकडचा, बरोबर."

आणि मी खेचला.

आता मागे गेलं की डावं उजवीकडे जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं! पण म्हणून तर दुसरा माणूस असतो ना? बावीस वर्षं हो!

खाली हॉलमधला लिलावाचा फलक काळाठिक्कर. तीनशे ट्यूना बर्फावर, आणि लिलाव पुकारणारा ओगुशी हात वर करून तसाच उभा. मी धडधाकट कंट्रोलर परत आत ढकलला, त्याला जागं व्हायला अकरा मिनिटं. अकरा मिनिटं मी कुवाबाराकडे बघत होते. म्हटलं, तुम्ही बघितलं नाहीत?

तो माझ्याच डब्यातला ओनिगिरी, भाताचा गोळा हो, गिळत म्हणाला, "बाई, मी कधीच बघत नाही. डोळे मिटून म्हणतो. तुमचं चुकतच नाही, तर बघायचं कशाला?"

याला कौतुक म्हणायचं की दगा, तुम्हीच सांगा! तपासणीचा कागद उघडला तर त्यावर याचा शिक्का आधीच उठवलेला... पुढच्या महिन्याच्या कागदांवरसुद्धा!

फलक उजळला, पण ओगुशी अडून बसला: दोन्ही कंट्रोलर उभे राहिल्याशिवाय मोठे मासे पुकारणार नाही. बर्फ वितळतोय. मी म्हटलं, कुवाबारा, आता डोळे उघडे ठेवून.

ठेवले की! चष्मा पुसला, बॅटरी आणली. "उजवीकडचा," मी म्हटलं. कुणाच्या उजवीकडचा, म्हणे. स्क्रू काढला, तर हाच नक्की का? नवी पट्टी हातात घेतली, तर उलटी तर नाही ना? बावीस वर्षांचं बघणं एका सकाळी उरकायला निघाला. अर्धा तास झाला, झाकण उघडं, ओगुशीचा चौथा फोन, खाली बर्फाचं पाणी...

शेवटी मीच म्हटलं, "कुवाबारा, मिटा डोळे."

मिटले लगेच.

"बरोबर."