कालचा पाव आधी

मी पेडण्यातल्या धारगळ गावचा. आमच्या घराण्यात पाव कोणी भाजला नव्हता, सगळे शेतातले. पण बापूस गेला, शाळा सुटली आणि म्हापशाच्या एका म्हाताऱ्या पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, मी पीठ मळायला राहिलो. तो किरिस्तांव, मी हिंदू, पण त्यानं हातचं काही न राखता शिकवलं. मग गावात स्वतःची भट्टी घातली. माझा उंडो, तो गोल कडक पाव हो, बढाई नाय मारत, पेडण्यात कोणालाय विचारा.

गोवा वेगळं राज्य झालं त्या सुमारास डिचोलीच्या वाटेवरच्या लष्करी कॅन्टीनात पाव घालायचं काम माका मिळालं. काय सांगू तुमका, छाती फुगली! भट्टीतून काढून, चादरीत गुंडाळून गरम गरम नेऊन द्यायचो. आणि थोड्याच दिवसांत कॅन्टीनात माल आणणारे ट्रकवाले सांगायला लागले, जवान तुझ्या नावानं शिव्या घालतात, विचारतात हा पाव की धोंडा?

डोकं सणकलं. जाऊन बघतो तर वाढतायत ते कालचे पाव! कोठारावर एक हवालदार होता, त्याला म्हटलं, बाबा, माझे आजचे पाव खंय? म्हणतो, आत आहेत, कालचे संपल्याशिवाय आजचे काढायचे नाहीत. कधीतरी तुकडी बाहेर गेली, एका दिवसाचे पाव उरले, दुसऱ्या दिवशी ते वाढले, म्हणून त्या दिवसाचे उरले, आणि तेव्हापासून हेच चाललंय, रोज ताजा पाव यायचा आणि रोज शिळा होऊनच ताटात पडायचा. म्हटलं, अरे, एक दिवस मागवू नको, कोठार मोकळं होऊं दे. तर म्हणतो, रोजची मागणी मी कशी मोडू? आणि मोठे साहेब तपासणीला आले की त्यांच्या बशीत मात्र आजचा गरम पाव! साहेब म्हणायचे उत्तम, आणि जवान तोच शिळा चावत बसायचे. आग लागो त्या उत्तमाला.

शेवटी एक दिवस मीच गेलो नाय, मुद्दाम. बायको म्हणाली, अहो, काम जातलां हां. म्हटलं, जाऊं दे, एकदा तरी माझा पाव कसा असता ते कळूं दे त्यांना. दुसऱ्या दिवशी पोचलो, कोठार रिकामं, गरम पाव थेट ताटात. मी दारातच उभा. एका जवानानं मोडून खाल्ला, आणखी मागून घेतला, आणि शेजाऱ्याला म्हणाला, बरं झालं, त्या हरामखोराला काढून नवीन पाववाला आणलाय वाटतं.

मी तोंड उघडणार, इतक्यात हवालदार म्हणाला, काल आला नाहीस, उद्यापासून येऊ नको. आणि खरंच दुसरा आणला. त्याच्या पावात मीठसुद्धा धड नसायचं, पण कोठार मी मोकळं करून दिलेलं ना, त्याचा रोज ताजाच वाढला गेला. नाव त्याचं झालं. अजून आठवलं की अंगाची लाही होते.

आता भट्टी मुलगा बघतो. त्या जवानांचं देव बरें करूं, एक दिवस तरी पोटभर गरम खाल्लं त्यांनी. पण ते कोणाच्या हातचं, हे त्यांना कोणी सांगितलं नाय, आणि आता मी त्यांना खंय शोधायला जाऊ?