कापसाचा भाव

सावनेरच्या बसच्या रांगेत बायजाबाईला शेजारी कांताबाई सापडली, आणि आता कुणाला तरी सांगितल्यावाचून तिला राहवेना.

"माही पोरगी शामला जिनिंगच्या हापिसात टेलिफोनवर बसते. साऱ्या शेतकऱ्यायले कापसाचा भाव सांगते."

"अन् कोणाले शेठशी बोलाचं असन तं?"

"शेठनं ज्याचं नाव सांगतलं, त्यालेच आत लाइन देते. बाकीच्यायले भाव सांगून तिथूनच वापस!"

"तुले तं देत असन वं?"

"काल पोस्टातून फोन केला. म्हटलं, मी तुही माय बोलून राहिली. तं म्हणे, घरचं बोलणं या लाइनवर चालत नाही. कापसाचा भाव पाहिजे का?"

"अवं बाई! पोटची पोर! मंग?"

"मंग काय, भाव घेतला."

"कापूस हाये तुह्या घरी?"

बायजाबाईने पदर सावरला.

"एक बोंड नाही. पण पोरगी कशी साहेबावानी सांगते वं!"