सगळीच साधनं गायब

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मुलीचे कान शेजारच्या दोघी बहिणींकडे लागले होते. धाकटीच्या मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन; फोनवर पलीकडे शाळेतल्या बाई.

"ताई, मेले मी! तासाभरात शाळेचं प्रदर्शन, आणि माझा खेळ तिथल्या संगणकावर तयारच होत नाहीये. खेळ तयार करायला लागणारी साधनं आहेत का ते तपासणारी माझी स्क्रिप्ट म्हणते, कंपायलर नाही, मेक नाही, काहीच नाही!"

"खरंच नाही?"

"आहे गं! बाईंनी स्वतः चालवून पाहिलं."

"तू शोधतेस कशाने?"

"'विच' कमांडने. कुठलं साधन कुठे आहे ते ती सांगते. घरी मस्त चालतं."

"ती तरी आहे का तिथे?"

"बाई, नुसतं विच टाइप करा ना... काय? अशी कमांडच नाही?"

"घ्या! शोधणारीचाच पत्ता नाही, आणि तू बिचाऱ्या कंपायलरची गैरहजेरी मांडलीस."

"आता गं?"

"'विच'च्या जागी 'कमांड डॅश व्ही' लिही. ती शेलमध्येच, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच असते, वेगळी बसवावी लागत नाही."

"लिहिलं. पाठवलं. चालवा, बाई... सगळं सापडलं? ताई, सगळं सापडलं! आता खेळ तयार होतोय!"

"हळू! दवाखाना आहे."

"पुढचं कोण?" आतून हाक आली.

"दोन मिनिटं थांबा ना," गाल धरलेली मुलगी ओरडली, "आमचा खेळ तयार होतोय!"