पोळ्याच्या दिवशी लॉरीले साखळी

आमचं गाव भातकुलीकडचं, खाऱ्या पान्याचं. विहिरीचं पानी तोंडात धरवत नाई अन् माती अशी की उन्हाळ्यात तिच्या भेगेत पाय जाते अन् पावसाळ्यात चप्पल जाते, ते मंग दिवाळीलेच दिसते. बापाजवळ चार बैल अन् दोन बंड्या, म्हनून मी चालाले लागलो तवापासून बैलाच्या मागंच. माह्या पाठीवर एक बहीन, यशोदा. माय लवकर गेली, तर तिची वेनीफनी बी म्याच केली, हसू नोका मास्तर, बैलाच्या शेपटीले गोंडा बांधनाऱ्याले वेनी काय जड हाये? ते लगन होऊन बार्शीटाकळीकडं गेली अन् मी अकोल्याले एका शेटच्या कापसाच्या जिनात बंडी हाकाले लागलो.

तवा आपलं वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, गोऱ्या साहेबाचं राज. दुसरी मोठी लढाई सरली अन् फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तर शेटनं एक लहान लॉरी घेतली. मले म्हने, सखाराम, जो बैल हाकते तो मोटार बी हाकीन. मी तवा तीन लेकरांचा बाप, पन शेट म्हनन तसं. शिकवाले कोन, तर गफूरभाई मिस्त्री. काय सांगू तुमाले त्या मानसाचं. उंच, कोरडा, बोलनं कमी अन् हात असे की इंजनाले लावले की इंजन कनायचं थांबे. फौजेत ड्रायव्हर होते, डोंगरात बरफावर गाड्या चालवून आल्ते.

लॉरीसंगं एक पोतं आल्तं, जड. उघडलं तर लोखंडी साखळ्या, शिडीवानी, दोन लांब अन् मधात आडव्या, टोकाले आकडे. शेट म्हने कैद्यायले बांधाच्या असतीन, द्या भंगारात. गफूरभाईनं ते पोतं असं उचललं जसं कोनाचं लेकरू, अन् म्हने शेटजी, ये चक्के की साखळी है, बरफ में लगती. शेट हासले, म्हने अकोल्यात बरफ लस्सीत पडते मिस्त्री. गफूरभाई मले बाजूले घेऊन म्हने, बरफ अन् तुमची काळी माती, दोघी सख्ख्या बहिनी हायेत.

अन् मंग भर वैशाखात, जिनाच्या आवारात, कोरड्या ठनठनीत जमिनीवर, मले साखळी चढवाले लावली. साखळी चाकाच्या मागं सरळ अंथराची, पीळ राहू द्याचा नाई, आकड्याचं तोंड टायराकडं ठेवाचं नाई, नाई तं टायर फाडते. गाडी तिच्यावर घ्याची, मंग आतला आकडा पयले, बाहेरचा मंग. अन् वीस हात गाडी चालवून खाली उतराचं, पुन्हा ताठ कराची, काहून की साखळी पयल्यांदा नेहमी खोटं बोलते, ताठ झालो म्हनते अन् झालेली नसते. हे त्यायचं बोलनं. शेवटी तर माह्या डोयावर दुपट्टा बांधून कराले लावलं. जिनातल्या बाया तोंडाले पदर लावून हासत, माह्या अंगाचा तिळपापड होये.

अन् एवढं शिकून म्या काय केलं? पयला पाऊस झाला, एकटाच लॉरी घेऊन सरकीची पोती टाकाले गेलो, चिखल लागला, उतरलो, साखळ्या अंथरल्या, आकडे बराबर, ताठ बराबर, सगळं बराबर, पन पुढच्या चाकाले. काहून, तर ओढनारा पुढं असते ना बापा, जन्मभर बैल पुढंच पाह्यले. मागचे दोन्ही चाकं भुईत बसले जसे म्हशी डोहात. गफूरभाई सायकलीवर आले, पाह्यलं, मले वाटलं आता शिव्या. त्यायनं मागचं चाक जॅकवर उचललं, इंजन चालू केलं अन् इचारलं, सखाराम, बैल कहाँ है तेरे? चाक गरगर फिरून राह्यलं होतं. मले कळलं, लॉरीचे बैल मागं असतेत. बास, तेवढंच, पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढलं नाई त्यायनं. बाजारानं मातर काढलं, वरीसभर मले पुढचंचाक म्हनत.

आता मेन गोष्ट सांगतो. त्याच साली पोळ्याच्या दिवशी सकाळीच आमचे जवाई, यशोदाचा घरवाला, धावत आले, चिखलानं कमरेपर्यंत भरलेले. म्हने यशोदा दोन दिसापासून अडली, सुईननं हात टेकले, म्हने दवाखान्यात न्या नाई तं दोघंही जातीन. शेट गावाले गेलेले, लॉरीची चाबी गफूरभाईजवळ. त्यायले ताप होता. माही गोष्ट अर्धीच झाली होती तर उठले अन् पोतं लॉरीत टाकलं, म्हने शेटले मी जबाब देईन, तू चल.

पक्की सडक सरली तिथं साखळ्या चढवल्या, मागच्या चाकाले. अन् मास्तर, जिथं बंडीचा आख बुडे तिथून ते लॉरी डौलात गेली. यशोदाले गोधडीसकट उचलून मागं निजवलं, जवाई जवळ बसले, अन् निघालो. अर्ध्या वाटेत नाला लागते. उतार उतरलो, चढाले लागलो अन् खाडकन उजवी साखळी तुटली. लॉरी आडवी सरकली अन् चिखलात बसली.

नाल्यावर एक म्हातारा, जानरावबाबा नावाचा, बैलजोडी धुवून, साज चढवून उभा होता. म्या त्याचे पाय धरले, म्हटलं बाबा, जोडी लावा, दहा मिनटाचं काम हाये. म्हाताऱ्यानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. म्हने, काल याच खांद्याले तूप-हळद लावली, आज याच्यावर जू ठेवत नाई, माहा बाप असता तं त्याच्यासाठी बी ठेवलं नसतं. माहं डोस्कं फिरलं. म्या म्हटलं तुह्या बैलाले लागो आग, इथं माही बहीन मरून राह्यली. तोंडाले येईन ते बोललो. तवा लॉरीतून यशोदाचा आवाज आला, अगदी बारीक.

दादा, बैल नोको मांगू. आजचा दिस त्यायचा हाये.

मरनाच्या दारात पडलेली बाई असं बोलली. मी मागं सरलो. म्हाताऱ्याच्या डोयातून पानी. तो पुढं झाला अन् बैलायच्या गळ्यातल्या दोन्ही साखळ्या काढून गफूरभाईच्या हातात देल्ल्या. म्हने, जू नाई देता येत, हे घ्या.

गफूरभाई चिखलात पोटावर निजले. अंगात ताप, पन हात असे चालले जसे वैशाखात शिकवत होते. तुटलेल्या जागी बैलाची साखळी ओवली, तारेनं पीळ देल्ला, आतला आकडा, बाहेरचा आकडा. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी कड्या दाबून धरल्या. मी स्टेरिंगवर. चाक फिरलं, साखळी वाजली, अन् लॉरी चढली. वीस हातावर गफूरभाईनं हात वर केला. मी म्हटलं आता काहून थांबाचं? तर म्हने साखळी ताठ करू दे, घाईत बहीन जाईन तुही. तसंच केलं. मागं पाह्यलं तर ते दोन बैल, गळ्यात काई नाई, तरी म्हाताऱ्याजवळ जागचे हालले नाई.

दवाखान्यात पोचलो, दिवेलागनीले पोरगी झाली. दोघी जगल्या. गफूरभाई तिथंच पायरीवर बसले अन् रडले, तवाच पयल्यांदा पाह्यले मी त्यायले रडतानी. शेट आल्यावर त्यायनं काई न लपवता सांगितलं, शेट म्हने बरं केलं. आठ दिसांनी गफूरभाई बैलायच्या साखळ्या कडी-कडी सरळ करून, तेल लावून, सायकलीवर स्वतः देऊन आले.

आता जानरावबाबा नाईत, गफूरभाई नाईत. यशोदा हाये, तिच्या त्या पोरीले नातवंडं झाली. पन पोळा आला की यशोदा पुरनपोळ्या बांधते, एक जानरावबाबाच्या घरच्या बैलायले, अन् एक गफूरभाईच्या लेकाकडं. लेक म्हने आत्या, आता तं सगळीकडं डांबरी झाली. ते म्हनते, म्हनून का मिस्त्री जुने झाले?

तुमी बी मास्तर पावसापान्याचे हिंडता. तुमचं भलं होवो, वाटेत चिखल लागलाच तं कोनी गफूरभाईवानी भेटो. अन् साखळी मागच्या चाकाले बांधजा.