दारातली हाक

धरमपेठेतल्या दवाखान्यात परदेशी जाणाऱ्यांच्या लशीसाठी रांग होती. माझ्यामागे पारशिवनीच्या दोघी बहिणी बोलत होत्या.

“गोपिका, टांझानियात पाणी उकळूनच पेजो वं.”

“मिनलनं फोनवर सांगतलं सारं. मच्छरदाणीतच झोपजो म्हणे. अन् घरी पोचली का दारातून हाक मारू नको, फोन कर.”

“काहून? लेकीच्या दारात हाक नाही मारायची?”

“तिथं रोज सांजच्याले माह्या आवाजात कोणी तिले हाक मारते.”

“काहीबाही नको बोलू!”

“जावईबुवानं एकदा दार उघडलं. तवापासून त्यायचा ताप उतरून नाही राहिला.”

“मग तू कायले चालली वं?”

“मी घरात तिच्यासमोर बसून असली, तर पोरगी दार उघडायची नाही.”